गोदामातली बंदूक

दमणवरचा पोर्तुगीज झेंडा उतरून भारताचा चढला, त्यानंतर दोन-तीन महिन्यांत आई मला घेऊन पालघरला मामाकडे राहायला आली. वडील आदल्या वर्षीच गेले होते. ते दमणच्या जकात कचेरीत कारकून होते. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण माझी शाळा सगळी पोर्तुगीजमधून झाली. निघायच्या आदल्या दुपारी आईने माझी शाळेची पुस्तकं एकेक करून चुलीत घातली. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते.

"तिकडे गेल्यावर ही भाषा तोंडातून काढायची नाही," ती म्हणाली. "लोकांना वाटेल आपण त्यांच्यातलेच."

'त्यांच्यातले' म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते. पालघरला आल्यावर पहिले काही दिवस मी बाजारातसुद्धा जपून बोलायचे, चुकून एखादा शब्द निसटेल म्हणून.

पण मामाच्या पोटात काही राहत नसे. तो कोर्टात कारकून होता, आणि पालघरजवळच्या माहीमच्या रस्त्याला राहणाऱ्या एका वृद्ध वकिलांकडे त्याचं जाणंयेणं होतं. त्यांच्याकडे त्या वर्षी एक वेगळंच काम येऊ लागलं होतं. शिरगाव, तारापूर या बाजूची काही माणसं पूर्वी दमणहून बोटीने आफ्रिकेतल्या पोर्तुगीज मुलखात दुकानदारीला गेली होती. इकडे झेंडा बदलताच तिकडे त्यांना छावणीत नेऊन ठेवलं आणि दुकानांना सील लावलं. आता त्यांच्या बायका अर्ज लिहून घ्यायला वकीलसाहेबांकडे येत. अर्ज पोर्तुगीजमध्ये लिहिला तर तिथला अधिकारी निदान वाचेल, अशी सगळ्यांची आशा. मामाने माझं नाव सांगून टाकलं. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी कामाला जाऊ लागले.

वकीलसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. लिहिता येत नव्हतं, वाचताही येत नव्हतं. ओटीवर येरझाऱ्या घालत ते इंग्रजीत मजकूर सांगायचे, मी तो उतरवून घ्यायचे, आणि मग बसून त्याचं पोर्तुगीज करायचे. मराठीत सांगा, असं मी एकदा भीत भीत म्हणाले होते.

"मराठीत मी भांडतो," ते म्हणाले. "अर्ज मला इंग्रजीतच सुचतो. आणि मध्येच तोडू नकोस. धागा सुटतो."

माझं इंग्रजी वाचून आलेलं होतं. जकात कचेरीत बोटींचे इंग्रजी कागद यायचे, ते वडील घरी आणायचे आणि माझ्याकडून वाचून घ्यायचे. डोळ्यांना इंग्रजी कळायचं, कानांना मात्र सवय नव्हती. त्यात वकीलसाहेबांचे पुढचे दात गेलेले. शब्दाचा शेवट ते गिळून टाकायचे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका माणसासाठी बोटीवर 'बर्थ' मागितला आणि मी पोर्तुगीजमध्ये 'नाशिमेंतु' लिहिलं, म्हणजे जन्म. रात्रीच्या बोटीवर आपल्याला एक जन्म मिळावा, अशी त्या माणसाची विनंती झाली! पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं आणि मी खोडून 'बेलीश' केलं, झोपायची फळी. मग 'बेल' आला. जामीन की गठ्ठा? उच्चार एकच. पोर्तुगीजमध्ये एक 'फियांसा' आणि दुसरा 'फार्दु', त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'एअर' म्हणजे वारस की हवा? 'मेल' म्हणजे टपाल की पुरुष? इंग्रजीत कानाला जुळे वाटणारे हे शब्द पोर्तुगीजमध्ये नेताना कुठला कुठल्या घरी पोचवायचा, हे मला दर वेळी अंदाजाने ठरवावं लागे. पुढचं-मागचं वाक्य बघायचं आणि जे जुळेल ते लिहायचं. वकीलसाहेबांना पोर्तुगीज येत नव्हतं. त्यामुळे माझं लिहिणं तपासणारं जगात कुणी नव्हतं. 

एप्रिलच्या सुमारास तारापूरहून एक बाई आल्या. वय पस्तिशीचं असेल. खाडीच्या बाजूला त्यांची वाडी होती, नारळ, थोडी भाजी, मोगरा. मी त्यांना काकी म्हणू लागले. नवरा बारा वर्षांपूर्वी तिकडे गेलेला, मधे दोनदा येऊन गेलेला. आता चार महिने पत्र नाही. त्याचा एक चुलतभाऊ शेजारच्या इंग्रजांच्या मुलखात, मोंबासाला होता, त्याच्याकडून एवढंच कळलं होतं की माणूस छावणीत आहे, जिवंत आहे. आपल्याकडून सरळ टपाल तिकडे जात नव्हतं. अर्ज मोंबासाला पाठवायचा, मग तो भाऊ पुढे धाडणार.

काकींनी आत बसून वकीलसाहेबांना सगळी हकीकत सांगितली. मी तेव्हा ओटीवर दुसऱ्या अर्जाची नक्कल करत होते, त्यामुळे ती मी ऐकली नाही. मग वकीलसाहेब बाहेर आले आणि सांगू लागले. अर्जदाराचं दुकान बंद आहे. दुकानात कापड आहे, साखर आहे. नंतर ते म्हणाले, 'देअर इज गन इन द गोडाऊन.' मला तरी तसंच ऐकू आलं. आणि लगेच पुढे, त्याचा रीतसर परवाना अर्जदाराकडे आहे.

माझी लेखणी क्षणभर थांबली. बंदूक? पण आफ्रिकेतलं गाव, आजूबाजूला रान, जनावरं. दुकानदार बंदूक ठेवत असतील. आणि परवाना कशाचा असणार? बंदुकीचाच. सगळं कसं नीट जुळत होतं. विचारावं असं मनात आलं होतं, पण वकीलसाहेब तोवर पुढच्या वाक्यावर गेले होते. मी लिहिलं, 'इश्पिंगार्दा'. गोदामात एक बंदूक आहे, तिचा परवाना आहे. दुसऱ्या दिवशी अर्ज मोंबासाला रवाना झाला.

आठ दिवसांनी काकी पुन्हा आल्या. वाडीतली भेंडी आणि मोगऱ्याचा गजरा घेऊन. वकीलसाहेब आत पडले होते. काकी माझ्यापाशी ओटीवर टेकल्या.

"बाय, सगळा नीट लिवलंस ना? त्या डिंकाचा पण?"

"कसल्या डिंकाचा?"

"अगो, गोदामात डिंक हाय ना त्यांचा. झाडांचा डिंक. गोण्याच्या गोण्या. सील लावलाय, नि तिकडं पाऊस लागला तर सगळा चिकटून जाईल. त्याचा परवाना पण हाय, तो मी साहेबांना सांगितला व्हता."

'गम'. वकीलसाहेब गम म्हणाले होते. दात नसलेल्या तोंडातून शेवटचा 'म' आतच राहिला होता. पोर्तुगीजमध्ये त्याला 'गोमा' म्हणतात. एवढा साधा शब्द.

"लिहिलंय," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तोंडातून आलं खरं. काकी समाधानाने उठल्या, गजरा माझ्या केसांत माळला आणि गाडी गाठायला निघून गेल्या. मी कच्च्या मजकुराची वही उघडून बघितली. माझ्याच अक्षरात तिथे बंदूक लिहिलेली होती.

तीन दिवस मी कुणालाही काही सांगितलं नाही. ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात.  मला सारखं दिसायचं, एक अधिकारी तो कागद वाचतोय आणि 'इश्पिंगार्दा' या शब्दावर त्याचं बोट थांबलंय. छावणीत ठेवलेला परका माणूस, त्याच्या गोदामात बंदूक, आणि ही गोष्ट त्याच्याच घरच्यांनी लिहून कळवलेली. ते बंदूक शोधतील. ती मिळणार नाही. मग ते त्याला विचारतील, कुठे लपवलीस? तो काय सांगणार?

आणि खरं सांगायचं तर मला माझीही भीती वाटत होती. वकीलसाहेब काढून टाकतील. मामाचं नाव खराब होईल. आणि कुणी म्हणालं तर, की ही दमणची पोरगी, हिने मुद्दाम लिहिलं? दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकातून पोलीस शिपाई आत येताना दिसला. मी वही उचलून मागच्या मोरीत जाऊन उभी राहिले. तो कोर्टाचा कुठलासा कागद वकीलसाहेबांना द्यायला आला होता, पाणी पिऊन गेला. 

घरी आईने ओळखलंच. "काय झालंय?" तिने दोनदा विचारलं. पोट दुखतंय, मी म्हणाले. तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मी बजावलं होतं. तेही मला ऐकायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी वकीलसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ते आरामखुर्चीत बसले होते. बोलून झाल्यावर मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे कुठेच बघत नव्हते.

"वाक्य वाच," ते म्हणाले.

मी वाचलं.

"आणि परवान्याचं पुढे तसंच ठेवलंस?"

"हो."

"म्हणजे आपण त्याच्या गोदामात बंदूक ठेवली, आणि परवानाही त्याच्या खिशात घातला." मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"तीन दिवसांपूर्वी."

त्यांनी मला रागावून काहीही म्हटलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "तीन दिवस!" आणि काठी शोधू लागले.

आम्ही दोघं पोस्टात गेलो. त्यांनी माझा खांदा धरला होता. तारेत बंदूक हा शब्द कुठेही यायला नको, असं त्यांनी वाटेतच मला समजावलं. अर्ज पुढे पाठवू नका, चूक आहे, दुसरी प्रत येते आहे, एवढंच लिहायचं. तार लिहून घेणारा कारकून मोंबासा हे नाव वाचून माझ्याकडे जरा निरखून बघत राहिला. मी मान खाली घातली. घरी येऊन मी अर्जाची नवी प्रत केली. 'गोमा' लिहिताना मी ते अक्षर अक्षर मोठ्याने म्हटलं. खाली वकीलसाहेबांनी एक ओळ घालायला सांगितली, की आधीच्या कागदातली बंदूक ही लिहिणाऱ्याच्या कानाची चूक आहे.

"आता तारापूरला जा," ते म्हणाले. "तिला तू सांगायचंस. मी नाही."

बोईसरला उतरून मी तारापूरच्या गाडीत बसले. गाडीत लोक बोलत होते, किनाऱ्याला सरकारी माणसं आलीत, जमिनी मोजतायत, कुठलासा मोठा कारखाना येणार. कुणाची वाडी जाणार, कुणाची राहणार. सगळेच घाबरलेले होते. एक म्हातारी सारखी म्हणत होती, "आमी जायाचा कुठं?" माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं. मी मनातल्या मनात माझी वाक्यं जुळवत होते.

काकी मोगऱ्याला पाणी घालत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा खुलला, आणि लगेच पडला.

"पत्र आला काय?"

"नाही काकी. माझ्याकडून एक चूक झालीय."

मी सांगितलं. गम आणि गन, हे दोन्ही शब्द त्यांना म्हणून दाखवले. त्या घागर खाली ठेवून आळ्याच्या कडेला बसल्या.  पाणी आळ्यातून फुटून वाटेवर वाहत होतं, ते अडवायचंही दोघींना सुचलं नाही.

"मारतील काय गो त्यांना?" शेवटी त्या म्हणाल्या.

"तार केलीय. अर्ज थांबेल."

"नायतर?"

 मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, पण जा असंही म्हणाल्या नाहीत. घरात जाऊन पाणी आणून दिलं. मी निघताना म्हणाल्या, "सासूबायच्या कानावर जाऊ देऊ नको. ती धसका घेईल."

त्या तीन दिवसांचं मी त्यांना सांगितलं नाही. तुम्ही गजरा माळलात तेव्हाच मला ठाऊक झालं होतं, हे माझ्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

दोन आठवड्यांनी मोंबासाहून उत्तर आलं. वकीलसाहेबांनी ते मला वाचायला लावलं. तार पोचली होती, पण त्याच्या आदल्याच दिवशी तिकडे जाणारा एक ओळखीचा माणूस अर्ज घेऊन बोटीवर चढला होता. दुसरी प्रत आली की पुढच्या माणसाबरोबर धाडतो, असं त्या भावाने लिहिलं होतं.

आदल्याच दिवशी! ज्या दिवशी काकी भेंडी घेऊन आल्या त्या दिवशी मी बोलले असते, तर अर्ज मोंबासातच थांबला असता. वकीलसाहेबांनीही तो हिशेब केला असणार. त्यांनी तो बोलून दाखवला नाही. म्हणाले, "घडी घालून ठेव."

त्यानंतरचा सगळा पावसाळा मी भीतीतच काढला. मी काम सोडलं नाही, सोडायचं म्हटलं तरी कारण काय सांगणार? अर्ज लिहीत राहिले. पण रोज टपालवाला दिसला की मी हातातलं काम टाकून फाटकाशी जायचे. काकी दर पंधरा दिवसांनी येत, पायरीवर बसत, काही न विचारता माझ्याकडे बघत. मी मान हलवायचे. त्या उठून जात. जूनमध्ये शिरगावचे दोघे परत आले. त्यांच्या बोटीत तारापूरचा माणूस नव्हता. काकी त्यांच्या घरी जाऊन विचारून आल्या. त्याला दुसरीकडे हलवलं होतं, का ते कुणाला माहीत नव्हतं. काकींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. का हलवलं, ते मला माहीत होतं.

भाद्रपद संपता संपता मामा धावत घरी आला. "तारापूरचा माणूस आलाय. काल मुंबईला उतरला."

मी दुसऱ्या दिवशी गेले. आई म्हणाली, "जाऊ नकोस. आला ना सुखरूप? झालं." तोवर मी तिला सगळं सांगून टाकलं होतं. "तू गेलीस की ते विचारतील," ती म्हणाली. "कशाला जातेस?" तरी मी गेले.

ओटीवर एक वाळलेला, उंच माणूस बसला होता. दाढी वाढलेली. काकींनी मला बघितलं आणि डोळ्यांनीच खुणावलं, बोलू नकोस. त्यांनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं.

"वकीलसाहेबांकडं काम करते ती," काकी म्हणाल्या.

"बस," ते म्हणाले. आणि कुणी न विचारता सांगू लागले. बहुतेक येणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगत असावेत. एके दिवशी सकाळी त्यांना नाव पुकारून छावणीतून बाहेर काढलं. एका खोलीत एकट्याला ठेवलं. रोज एक अधिकारी यायचा नि एकच गोष्ट विचारायचा.

"बंदूक कुठं हाय? मी बोललो, बंदूक नाय. तो बोलला, परवाना दाखव. मी डिंकाचा परवाना हाय बोललो, तो दाखवतो. तो बोलला, डिंकाचा नको. गोदाम उपसून काढला त्यांनी. भिंती ठोकून बघितल्या. सतरा दिवस. शिरगाववाले बोटीत बसले नि मी तिथंच." त्यांनी दोन बोटं वर केली. "मग एक दिवस तो दोन कागद घेऊन आला. दोन्हींवर एकच अक्षर. एकावर बंदूक, एकावर डिंक. त्यानं बाजूबाजूला ठेवले, बराच वेळ बघितले. मग हसला. मला बोलला, तुझ्या गावात कोणाचे कान खराब हायत? नि सोडला."

ते माझ्याकडे वळले. "लिवणारा कोण व्हता गो साहेबांकडं?"

काकी खाली बघत होत्या. मला आई आठवली.  कुणीतरी होता, गेला सोडून, असं म्हणणं किती सोपं होतं.

"मी होते," मी म्हणाले. "अक्षर माझं आहे."

आणि मग थांबता येईना. दात नसलेलं तोंड, गम आणि गन, आणि जे काकींनाही माहीत नव्हतं ते, की चूक कळल्यावर तीन दिवस मी तोंड उघडलं नाही, आणि त्याच तीन दिवसांत अर्ज पुढे गेला. काकींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून सोसत नाही.

काका उठून आत गेले. मी तशीच बसून राहिले. जावं की थांबावं, कळेना.  बऱ्याच वेळाने ते बाहेर आले ते चप्पल घालूनच.

"गाडी चुकेल तुझी," ते म्हणाले. "चल, नाक्यापर्यंत येतो."

आम्ही वाडीच्या कडेने चालत निघालो.  नाक्यावर गाडी उभी होती. मी चढणार तेव्हा ते म्हणाले, "पहिल्या दिवशी त्यानं बंदूक विचारली ना, तवा माजी वाचाच गेली. भीतीनं. एक शब्द फुटेना. त्याच्यावरनं त्यांना वाटला, हा खोटा हाय." आणि वळता वळता, "भीतीनं तसा होतो."

त्यांनी मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. गाडी सुटली तेव्हा ते परत वळून चालू लागले होते.

ते पुन्हा आफ्रिकेला गेले नाहीत. पुढे दोन-तीन वर्षांनी अणुवीज केंद्राच्या कामावर दूरदूरचे लोक येऊ लागले, तेव्हा त्यांनी बोईसर स्टेशनजवळ छोटं किराणा दुकान घातलं. गिऱ्हाईक बहुतेक हिंदी बोलणारं. बोईसरला गेले की मी तिथे डोकवायचे. काकी मला बसायला खोकं पुढे सरकवायच्या. काका मान हलवायचे, "कवा आलीस?" एवढंच विचारायचे, आणि पुन्हा काट्याकडे वळायचे.